किल्ली सरकारकडे असू दे, पंचामृताची वाटी नको

आषाढीच्या पहाटे टीव्हीवर शासकीय महापूजा लागली की आजी आम्हाला उठवायची. विठ्ठल बघायला. पण बघावं तेव्हा कॅमेरा मुख्यमंत्र्यांवर. "अरे, जरा बाजूला हो की," ती टीव्हीलाच म्हणायची.

सरकारने पंढरपुरात पाऊल टाकू नये, असं मी म्हणत नाहीये. उलट. चोखोबांची समाधी आजही महाद्वारासमोर, पायरीपाशी आहे. ती पायरी ओलांडायला दलितांना 1947 साल उजाडावं लागलं, त्यासाठी मे महिन्यात साने गुरुजी उपोषणाला बसले. बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरेचे हक्क काढणारा कायदा 1973 चा. कोर्टकज्जे संपले 2014 साली, सर्वोच्च न्यायालयात. मंदिर सगळ्या हिंदूंना खुलं करणं, पैशाअडक्याचा कारभार बघणं, हे घटनेच्या 25 व्या कलमाला मान्यच आहे. पाण्याचे टँकर, शौचालयं, जादा एसटी हीसुद्धा सरकारचीच कामं. चैत्यभूमीला 6 डिसेंबरला सोय करता, माउंट मेरीच्या जत्रेला करता, तशीच वारीला. यात कुणाचे लाड नाहीत.

पण गाभाऱ्यात बसून राज्याच्या वतीने अभिषेक? राज्यात मी आहे, माझा नास्तिक मित्र आहे, मिरजेचा मुसलमान सतारमेकरही आहे. आमच्या वतीने पूजा करा, असं आम्ही कधी सांगितलं? मुख्यमंत्र्यांची श्रद्धा त्यांची स्वतःची, तिला माझी ना नाही. पदाला कसली आलीय श्रद्धा? कार्तिकीची पूजा उपमुख्यमंत्र्यांकडे; 2023 ला तर उपमुख्यमंत्री दोन होते, आणि पूजेला बोलवायचं कुणाला, हा पेच मंदिर समितीपुढे पडला. विठोबाला प्रोटोकॉल लागला!

गंमत म्हणजे "मंदिरं सरकारमुक्त करा" म्हणणाऱ्यांना ही सरकारी पूजा कधी खुपत नाही. आणि आमचे पुरोगामी नेते? सत्तेत आले की तेही पहाटे दोनला आंघोळ करून तयार.

"अहो, पण मानाचे वारकरी असतात ना शेजारी!" असतात. रांगेतलं जोडपं आत घेतात, एसटीचा पास देतात, फोटोत कडेला उभं करतात.

2018 च्या आषाढीला मराठा आरक्षणाच्या आंदोलनामुळे मुख्यमंत्री पंढरपूरला गेले नाहीत, त्यांनी मुंबईत घरीच पूजा केली. पंढरपुरात महापूजा झाली ती हिंगोली जिल्ह्यातल्या एका वारकरी जोडप्याच्या हातून. त्या वर्षी कुणालाच बाजूला हो म्हणायची वेळ आली नाही.