वावर विकून ‘सिनिअर लिव्हिंग’मध्ये फ्लॅट घेण्याआधी

यवतमाळ, वाशीम, बुलढाण्याकडच्या खेड्यांत दिवाळीच्या सुट्टीत एक हिशोब हमखास मांडला जातो. मुलगा पुण्यात, मुलगी नागपुरात, गावात आईबाबा दोघंच. बाबांचे गुडघे गेले, आईला शुगर. मग मुलं म्हणतात, वावर म्हणजे शेत विकून टाकू आणि तुम्हाला सिनिअर लिव्हिंगमध्ये, म्हणजे ज्येष्ठांसाठीच बांधलेल्या संकुलात, चांगला फ्लॅट घेऊ. यातलं वावर विकणं चूक आहे, असं माझं ठाम मत आहे. फ्लॅटचा विचार चूक नाही, पण करार वाचल्याशिवाय एक रुपयाही भरू नये.

आधी एक गोष्ट. अशा ठिकाणी राहायला गेलेल्या माणसाबद्दल ‘पोरानं टाकून दिलं’ म्हणायची सवय आपण सोडली पाहिजे. निराधारांसाठीचा वृद्धाश्रम वेगळा, आणि स्वतःच्या पैशानं, स्वतःच्या इच्छेनं घेतलेलं घर वेगळं. लोकांच्या या बोलण्यामुळे कितीतरी जण झेपत नसतानाही गावात एकटे राहतात आणि एक दिवस न्हाणीत पडलेले सापडतात.

फायदे खरेच आहेत. पहिला दवाखान्याचा. लकवा मारला तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन हवाच. धारणी किंवा एटापल्लीच्या आतल्या गावात रात्री दोनला तोंड वाकडं झालं तर १०८ ची गाडी येऊन सीटी स्कॅनपर्यंत पोचेस्तोवर ती वेळ निघून जाऊ शकते. मात्र बरेच प्रकल्प शहराच्या बाहेर, जमीन स्वस्त मिळते तिथे असतात. म्हणून ‘हॉस्पिटलशी टायअप आहे’ यावर समाधान मानू नका. जवळचं सीटी स्कॅन किती मिनिटांवर आहे, रात्री रुग्णवाहिका आवारात उभी असते की बोलवावी लागते, सोबत कोण जातं आणि दवाखान्यातलं डिपॉझिट कोण भरतं, हे विचारा.

दुसरा फायदा उन्हाळ्याचा. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याचा पारा ४५ च्या वर जातो. म्हाताऱ्या माणसाला तहान कमी लागते, त्यात बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी सुरू असली तर अंगातलं पाणी आणि मीठ दोन्ही कमी होतं. टिनाच्या घरात खिडक्या लावून कूलर चालवला तर हवा नुसती दमट होते, घाम वाळत नाही आणि गारवाही मिळत नाही. कूलरसमोरची खिडकी चार बोटं तरी उघडी पाहिजे. लाइन गेली की तेही संपलं. जनरेटरवर पंखा आणि लिफ्ट चालणारी इमारत ही या वयात चैन नाही.

तिसरा फायदा फार कोणी बोलून दाखवत नाही. तो आईचा आहे. अडुसष्ट-सत्तर वर्षांची बाई अजूनही पहाटे उठून चहा, स्वयंपाक, भांडी, पाणी भरणं करत असते. बाबा ‘गाव सोडणार नाही’ म्हणतात तेव्हा गावात राहण्याचं ओझं कोण उचलतं हे तिला कुणी विचारत नाही. दोन वेळचं ताट समोर येणं ही तिच्यासाठी आयुष्यातली पहिली सुट्टी असते. हा निर्णय घेताना तिला बाजूला बसवून, एकटीला विचारा.

आता अडचणींकडे. जाहिरातीतला माणूस पासष्ट वर्षांचा असतो, बागेत फिरतो, कॅरम खेळतो. तुमचा खरा प्रश्न पंच्याऐंशीव्या वर्षाचा आहे. म्हातारपणाचे ढोबळ तीन टप्पे असतात: सगळं स्वतः करता येतं तो, आंघोळीला आणि उठबसायला हात लागतो तो, आणि अंथरुणावर किंवा विसरभोळेपणात पूर्ण दुसऱ्यावर अवलंबून असण्याचा. बहुतेक प्रकल्प पहिल्या टप्प्यासाठी बांधलेले असतात. करारात बारीक अक्षरात एक वाक्य शोधा: रहिवाशाला पूर्णवेळ देखभालीची गरज पडल्यास कुटुंबानं व्यवस्था करावी किंवा जागा सोडावी. हे वाक्य असेल तर ज्या दिवसासाठी तुम्ही पैसे भरले त्याच दिवशी तुम्हाला बाहेर पडायचं आहे. मला हा सगळ्यात मोठा दोष वाटतो. तिसऱ्या टप्प्याची सोय त्याच आवारात आहे का, किती खाटांची, आणि आज तिथे किती माणसं आहेत, हे डोळ्यांनी बघून या. जायचं तर रविवारी दुपारी किंवा रात्री नऊनंतर जा, कारण कर्मचारी तेव्हाच कमी असतात. रात्री किती रहिवाशांमागे किती माणसं, हा आकडा लेखी मागा.

महारेरानं, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणानं, २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. व्हीलचेअर जाईल असे किमान ९०० मिलिमीटरचे दरवाजे, रॅम्प, न घसरणारी फरशी, संडास-बाथरूममध्ये धरायचे दांडे, लिफ्टला पर्यायी वीज वगैरे. मेजर टेप खिशात घालून जा आणि दरवाजा मोजा. पण रेराचं लक्ष इमारतीवर असतं. बेल वाजवल्यावर किती मिनिटांत कोणी येतं, यासाठी तुमच्या हातात फक्त करार असतो.

पैशाचं गणित इथं सविस्तर मांडतो, कारण चूक इथेच होते. समजा दोघांचे जेवण-देखभाल धरून महिन्याचे २५ हजार सांगितले आणि दरवर्षी ८ टक्के वाढ करारात आहे. दहाव्या वर्षानंतर तोच आकडा सुमारे ५४ हजार होतो. दुसरीकडे, ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका माणसाला जास्तीत जास्त ३० लाख ठेवता येतात. ८.२ टक्के दरानं तिमाहीला ६१,५०० म्हणजे महिन्याला २०,५०० मिळतात, आणि ती रक्कम वाढत नाही. खर्च चढत जातो, व्याज जागेवर राहतं. ही फट दरवर्षी रुंदावते. त्यात डायपर, फिजिओथेरपी, ऑक्सिजन, रात्रीची अटेंडंट हे सगळं सहसा वेगळं असतं. जीएसटी धरून आकडा सांगितला का तेही विचारा. धर्मादाय म्हणून आयकर खात्याकडे नोंद असलेल्या संस्थेनं स्वतःच्या वृद्धाश्रमात ६० वर्षांवरच्यांना दिलेल्या सेवेला माणशी महिना २५ हजारांपर्यंत जीएसटी माफ आहे. खासगी कंपनीचं तसं नाही.

वावर विकू नका म्हणतो ते यासाठी. पाच एकर मक्त्यानं (वर्षाची रक्कम ठरवून दुसऱ्याला कसायला) दिलं आणि एकरी १५ हजार धरले तर वर्षाला ७५ हजार, महिन्याला सव्वासहा हजार. रक्कम छोटी आहे, पण मक्ता काळाप्रमाणे वाढतो आणि मूळ वस्तू शाबूत राहते. शिवाय परत यायचं ठरलं तर यायला काहीतरी उरतं. मक्ता मात्र तोंडी ठेवू नका. कसणारा उद्या कूळ म्हणून हक्क सांगू शकतो, आणि कुळांसाठी विदर्भाचा स्वतंत्र कायदा आहे, १९५८ चा. दरवर्षी वकिलाकडून कागद करून घ्या, ई-पीक पाहणी (मोबाइलवरून होणारी पिकाची नोंद) कोणाच्या नावानं झाली ते बघा आणि वर्षातून दोनदा सातबारा काढून तपासा. मालक दूर गेला की सातबाऱ्यावर नजर ठेवणारं कोणी राहत नाही.

विकत घेण्याऐवजी भाड्यानं किंवा परत मिळणाऱ्या ठेवीवर राहता येत असेल तर तेच निवडा. विकतच्या फ्लॅटला बहुधा वयाची अट असते. मुलगा वारस झाला तरी तो तिथे राहू शकत नाही, गिऱ्हाईकही म्हातारंच शोधावं लागतं आणि कुलूप लावलेल्या घराचा मेंटेनन्स सुरूच राहतो. ठेवीच्या पद्धतीत चार गोष्टी लेखी हव्यात: दरवर्षी ठेवीतून किती कपात, सोडल्यावर किती दिवसांत परत, कोणाच्या नावावर परत, आणि दोघांपैकी एक गेल्यावर दुसऱ्याला लहान खोलीत हलवणार का. शेवटचा प्रश्न विचारायला जड जातो. तरी विचारा. अंत्यविधीचंही तसंच: देह गावी न्यायचा की तिथेच करायचं, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवलेलं बरं.

ज्याची किंमत करारात कुठेच नसते तो सोबतीचा प्रश्न. पुण्याच्या जेवणघरात वऱ्हाडी बोललं की लोक हसून बघतात आणि हळूहळू माणूस गप्प बसायला लागतो. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, गोळाभात तिथे मिळेलच असं नाही. कमी मीठ-तेलाचं संध्याकाळी सातचं जेवण आरोग्याला चांगलं, पण ज्यानं जन्मभर ठेच्यासोबत खाल्लं तो अर्धं ताट सोडतो आणि महिन्या-दोन महिन्यांत वजन उतरतं. वजनावर लक्ष ठेवा, ते फोनवर ‘बरं चाललंय’ म्हणतात त्यापेक्षा खरं सांगतं. पोळ्याला बैल बघायला न मिळणं हे शहरात वाढलेल्या मुलांना क्षुल्लक वाटेल, शेतकऱ्याला नाही. म्हणून अंतर महत्त्वाचं. अमरावती, अकोला, वर्धा, नागपूर अशा, एसटीनं एका दिवसात जाऊन येता येईल अशा ठिकाणी सोय असेल तर पुण्यापेक्षा ती पत्करा, इमारत थोडी साधी असली तरी. एसटीत ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट आहे, ७५ नंतर प्रवास मोफत.

आणि विसरभोळेपणा सुरू झालेल्या माणसाला अचानक नव्या जागी नेलं तर गोंधळ वाढतो. संडास कुठे, दार कुठे, काहीच ओळखीचं नसतं. हलवायचंच असेल तर ते डोकं शाबूत असताना, त्यांच्या स्वतःच्या होकारानं.

पहिल्या टप्प्यासाठी गावातच सोय उभी करता येते, आणि मला ती जास्त पटते. आधी घर. संडास परसात असेल तर आत आणा किंवा रात्रीपुरती खाटेजवळ कमोड खुर्ची ठेवा, कारण रात्री लघवीला उठताना पडण्याचा धोका मोठा असतो. सपरीला (ओसरीला) सहा इंच पायरी असेल तर उतार सहा फूट लांब हवा, एकास बारा. तीन फुटांचा केला तर तो घसरगुंडी होतो. धरायचा दांडा जमिनीपासून ३३ ते ३६ इंचांवर. मातीच्या भिंतीत खिळा-बोल्ट धरत नाही, माणसाचं वजन पडलं की भिंतीचा पोपडा घेऊन दांडा खाली येतो. तिथे दीड इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाईप जमिनीत दीड फूट खोल काँक्रीटमध्ये उभा करा. उंबरठा काढून टाका. रात्रभर जळणारा छोटा दिवा लावा.

मग माणसं. एकाच वस्तीतल्या सहा घरांनी महिन्याला अडीच हजार काढले तर १५ हजार होतात. त्यात गावातली एक बाई सकाळ-संध्याकाळ सहाही घरी फेरी मारेल, बीपी-शुगर वहीत लिहील, गोळ्यांचा डबा भरेल, एकाच ठिकाणी स्वयंपाक करून डबे पोचवेल. सकाळी सातपर्यंत दार उघडलं नाही तर शेजाऱ्यानं हाक द्यायची, हा नियम बिनपैशाचा आहे. हे कुठे मोडतं तेही सांगतो. सोयाबीन काढणी आणि कापूस वेचणीच्या दिवसांत शेतात जास्त मजुरी मिळते आणि ती बाई जाते. तिचा दोष नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर तिला जास्त पैसे द्या, किंवा पहिल्यापासून दोन बायकांना अर्धा-अर्धा दिवस वाटून ठेवा. दुसरी अडचण जातीची. कोणाच्या हातचं कोण खाणार यावरून चांगला चाललेला डबा बंद पडतो, आणि ज्यांना त्या डब्याची सगळ्यात जास्त गरज असते तेच उपाशी राहतात. याचा मला खरंच राग येतो. तिसरी, पैसे थकणं. ते मुलांच्या खात्यातून दर महिन्याच्या एक तारखेला आपोआप कापले जावेत अशी सोय करा. तिसऱ्या टप्प्याला मात्र ही गावची सोय पुरत नाही. अंथरुणावरच्या माणसाला दर दोन-तीन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात. तिथे शिकलेली माणसंच हवीत.

कागदांचं थोडक्यात. मुलाच्या नावानं घर-वावर करायचंच असेल तर बक्षीसपत्रात ‘सांभाळ करण्याच्या अटीवर’ असं स्पष्ट लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली, सांभाळ झाला नाही तर तो व्यवहार रद्द करता येतो. अट लिहिलेली नसेल तर अवघड जातं, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२२ च्या एका निकालात सांगितलं आहे. निर्वाहाचा अर्ज प्रांत अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणाकडे होतो, वकील लागत नाही. अडचणीत १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे. ७० वर्षं पूर्ण झालेल्यांचं आयुष्मान कार्ड उत्पन्न कितीही असलं तरी निघतं, त्यावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. गाव सोडण्याआधी ते काढून घ्या, कारण बोटांचे ठसे झिजलेले असतात आणि नव्या शहरात आधार अपडेट करायला खेटे पडतात. श्रावणबाळ निवृत्तिवेतन योजनेचे पैसे येत असतील तर हयातीचा दाखला कोण आणि कधी देणार हे ठरवूनच हला.

जायचं ठरलंच तर आधी एक महिना पैसे भरून राहून बघा, पाहुण्यासारखं चार दिवस नको. चार दिवसांत सगळेच गोड बोलतात. तिसऱ्या आठवड्यात खरी चव कळते. आणि त्या काळात गावचं घर बंद ठेवू नका. मातीचं घर दोन पावसाळे बंद राहिलं की कवेलू (कौलं) सरकतात, भिंतीत पाणी मुरतं, वाळवी चौकट खाते, आणि परत यायचा रस्ताच संपतो. गावात बदलून आलेल्या शिक्षकाला किंवा आरोग्यसेविकेला नाममात्र भाड्यानं, अकरा महिन्यांचा लेखी करार करून द्या. चूल पेटती राहील, छप्पर शाकारलं जाईल. देवघराची खोली तेवढी आपल्या कुलपात ठेवा आणि तिची किल्ली आईच्या हातात द्या.