पुढच्या चाकांचा पगार

पुण्याच्या गॅरेजात ॲक्सिलरेटरला ‘रेस’ म्हणतात. बॉनेटमध्ये डोकं खुपसलेला मिस्त्री “साहेब, जरा रेस द्या” असं ओरडला की आपण पाय दाबायचा. त्यामुळे रेस म्हणजे काय, याबद्दल माझी समजूत लहानपणापासून पक्की होती. वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी मिशिगनमधल्या एका ओल्या गवताच्या पट्ट्यात गाडीसकट रुतून बसल्यावर ती पहिल्यांदा हलली.

हौशी टूरिंग कार शर्यती म्हणजे काय, ते आधी सांगतो. शोरूममधून कुणीही विकत घेईल अशी साधी गाडी घ्यायची, तिच्यातली मागची सीट आणि गालिचा उपटून टाकायचा, लोखंडी पिंजरा जोडून घ्यायचा, आणि शनिवार-रविवार आपल्यासारख्याच दाताचे डॉक्टर, सुतार, हिशेबनीस वगैरे मंडळींच्या अंगावर ती घालायची. मी डेट्रॉईटजवळ सॉफ्टवेअरची नोकरी करतो. अण्णांना हा प्रकार व्हिडिओ कॉलवर समजावला होता.

“पहिला आलास तर किती मिळतात?”

“पैसे नाही मिळत, अण्णा. कप मिळतो. भाग घ्यायची फी आपण भरायची.”

“आणि शेवटचा आलास तर?”

“तरी तेवढीच फी.”

“मग घरी बसून शेवटचा ये,” अण्णा म्हणाले. आयुष्यभर बँकेत कर्जखातं सांभाळलेला माणूस.

आठ वर्षं माझ्याकडे माझदाची मियाटा होती. टनाच्या आसपास वजनाची, मागच्या चाकांवर चालणारी, स्वभावानं सरळ गाडी. तिच्यात कामाची वाटणी चोख असते. पुढची चाकं वळवतात, मागची ढकलतात, कुणी कुणाच्या कामात लुडबुड करत नाही. वळणात गाडी बाहेर जायला लागली तर रेस थोडी वाढवायची, मागची बाजू घसरते, नाक आत येतं, आपण उलटं स्टिअरिंग मारून सावरतो आणि कठड्यापलीकडच्या लोकांना वाटतं, काय हात आहे! हात वगैरे काही नसतो, ती गाडीच समजूतदार असते. गेल्या हिवाळ्यात ती मी एका तरुण इलेक्ट्रिशियनला विकली. डिकीवर गणपतीचं छोटं स्टिकर होतं, ते काढायला गेलो तर म्हणाला, राहू द्या, या हत्तीमुळेच ती इतकी वर्षं धड राहिली असेल.

विकली का? वाचन नडलं. वाचलं ते असं. १९८८ साली ऑडीनं चारही चाकं ओढणारी गाडी अमेरिकेच्या ट्रान्स-ॲम मालिकेत आणली, सगळ्यांना धुतलं, आणि पुढे नियमच असे बदलले की तिला दारं बंद. ऑस्ट्रेलियात निसानच्या तसल्याच स्कायलाइन जीटी-आरनं बाथर्स्टची शर्यत १९९१ आणि १९९२ अशी लागोपाठ मारली, तेव्हा तिच्यावर वजन लादून झालं, बाकीच्यांनी शिव्याही घालून झाल्या, आणि शेवटी तिलाही दारं बंद. १९९६ मध्ये फ्रँक बिएला ऑडी ए-४ क्वाट्रो घेऊन ब्रिटिश टूरिंग कारचा विजेता झाला, तिथेही आधी जादा वजन आणि शेवटी बंदी. आता, ज्या गोष्टीवर तीन खंडांत बंदी घालावी लागली ती चांगलीच असणार, असा निष्कर्ष काढून मी चारही चाकं ओढणारी जुनी सुबारू डब्ल्यूआरएक्स घेतली. तसली गाडी चालवणारे बिएला आणि मी यांच्यात काही फरक असू शकतो, हा मुद्दा त्या वाचनात कुठेच आला नव्हता.

सुबारू म्हणजे जपानीत कृत्तिका. बोधचिन्हावर सहा तारे आहेत ते त्याचेच. हे ऐकून अण्णा पहिल्यांदाच खूश झाले. “कृत्तिका म्हणजे कार्तिकेयाच्या आया,” ते म्हणाले. “पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीत मोरावरून सुसाट गेला आणि हरला, तोच ना?”

मी विषय बदलला.

पहिला सराव साऊथ हेवनच्या जिंजरमन ट्रॅकवर. आमच्या घरापासून तीनेक तास, लेक मिशिगनच्या काठाजवळ. अकरा वळणं, साधारण साडेतीन किलोमीटरची फेरी, आणि बाजूला ऐसपैस गवत. नवख्यांना हा ट्रॅक सुचवतात तो या गवतासाठीच, हे मला नंतर कळलं. शेजारी बसलेले कोच सत्तरी ओलांडलेले. हेल्मेटमधल्या माईकवरून ते इतकं हळू बोलायचे की गाडी चालू आहे हे त्यांना माहीत नसावं असं वाटे.

वळण आलं. मी मियाटाच्या सवयीनं आत शिरलो, गाडी जराशी बाहेर सरकली. ओळखीचा प्रसंग. रेस दिली. गाडी आणखी बाहेर. म्हटलं, कमी पडली असेल. आणखी दिली. स्टिअरिंग उजवीकडे आणखी पिळलं, पुढचे टायर म्हशीसारखे हंबरायला लागले, आणि मी उजवीकडे बघत, उजवीकडे वळवत, संपूर्ण आत्मविश्वासानं डावीकडच्या गवतात गेलो. चारही चाकांना ताकद असल्यामुळे गवतात बरंच लांबवर गेलो.

कोच काही बोलले नाहीत. चारही चाकं ट्रॅकबाहेर गेली की पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगत गाड्या थांबतात तिथे, येऊन काय झालं ते सांगायचं, असा नियम असतो. पांढऱ्या कपड्यांतल्या बाईंनी वही उघडून विचारलं, काय झालं? मी म्हटलं, गाडी वळली नाही. त्यांनी लिहून घेतलं. वही बरीच भरलेली होती.

मग कोचनी समजावलं. मराठीत सांगायचं तर असं, की टायरची पकड म्हणजे पगार. महिन्याचा ठरलेला, वाढ नाही, उचल नाही. मियाटात पुढच्या चाकांचा सगळा पगार वळण्यावर खर्च होतो. इथे तुम्ही रेस दाबली की गाडी ओढण्याचा हप्ता त्याच पगारातून आधी कापला जातो. मग वळायला हातात काय उरणार? आणि तुम्ही काय करता, तर पगार पुरत नाही म्हणून आणखी एक हप्ता घेता. (अण्णांना हे एका वाक्यात कळलं असतं. कोच आणि अण्णा यांची गाठ पडू न देण्याचं मी ठरवलं.)

तेव्हा उपाय सोपा, वळणात पाय काढायचा. दुपारी काढला. गाडीचं वजन झटकन पुढे आलं, पुढच्या टायरांना बोनस मिळाला, मागचे हलके झाले आणि गाडीची मागची बाजू फिरायला लागली. हे तर माझं क्षेत्र! आठ वर्षांचा अनुभव. झोकात उलटं स्टिअरिंग मारलं, रेस दिली. मियाटा अशा वेळी छान तिरकी चालत राहते. ही गाडी मात्र पुढची चाकं जिकडे बघतील तिकडे ओढत जाते, आणि ती मी नुकतीच बाहेरच्या दिशेला रोखली होती. कुत्र्याला दोरीनं ओढावं तसं तिनं आम्हा दोघांना ओढलं. यावेळी गवत दुसऱ्या वळणाचं.

वहीवाल्या बाई म्हणाल्या, यावेळी? मी म्हटलं, वळली.

खरा अपमान संध्याकाळी झाला. माझी मुलगी शाळेत रोबोटिक्स करते, म्हणून गाडीतला डेटा वाचायचं काम हौसेनं तिनं घेतलंय. तंबूत लॅपटॉप उघडून तिनं माझ्या पायाचा आलेख दाखवला.

“बाबा, हा तुझा ॲक्सिलरेटर. हा कोच आजोबांचा, त्यांनी तुझीच गाडी घेऊन मारलेल्या फेरीतला.”

आजोबांचा आलेख म्हणजे चौकोनी डबा. पूर्ण दाबलेला, मग शून्य, मग बराच वेळ शून्य, मग एकदम पूर्ण. माझा म्हणजे अतिदक्षता विभागातल्या माणसाचा.

“तू एका वळणात सात वेळा मत बदलतोस.”

“मी गाडीला सावरत असतो.”

“ते तिला कळवलंस का?”

त्या ‘बराच वेळ शून्य’मध्ये सगळी विद्या होती. सरळ रस्त्यावरच ब्रेक मारून घ्यायचे, मनाला पटेल त्यापेक्षा जास्त. ओढायला चारही चाकं कामाला लागतात, पण थांबायच्या वेळी मियाटाला ब्रेक चार आणि हिलाही चारच, वर वजन चारेकशे किलो जादा. वळणात शिरताना ब्रेकवरचा पाय एकदम न काढता, कढीखालचा गॅस बारीक करत न्यावा तसा काढायचा, म्हणजे वजन नाकावर राहतं आणि नाक आत येतं. आणि मग थांबायचं. काही करायचं नाही. गाडीचं तोंड बाहेरच्या रस्त्याकडे वळेपर्यंत उजवा पाय मांडी घालून बसल्यासारखा बसवून ठेवायचा, आणि वळलं की एकदाच दाबायचा, परत काढायचा नाही. मधला तो काळ घड्याळात एखाद-दुसरा सेकंद भरतो. मला तो लग्नाच्या पंगतीत भात वाढून गेलेला आणि वरणवाला अजून तीन पानं लांब असतानाचा वाटायचा. पुणेकराच्या पायाला रिकामं बसायची सवय नाही. सिग्नल साठ सेकंदांचा असला तरी तो दहाव्या सेकंदापासून रेस देत असतो.

रविवारी शर्यत. अर्ध्या तासाची. पहिल्या तीन फेऱ्यांत मी दोनदा मियाटा झालो, म्हणजे गाडी सुबारू आणि पाय मियाटाचा, आणि तेराव्या नंबरावर गेलो. मग सरोवरावरून ढग आला.

पाऊस फार नव्हता, पण सगळ्यांचे टायर कोरड्यातले. आणि मला एकाएकी कळलं की बंदी कशासाठी घालतात. वळणातून बाहेर पडताना बाकीचे अंगणात तेल सांडल्यासारखे पाय आवरत होते, आणि मी वाट बघून, तोंड वळल्यावर, सरळ दाबत होतो. बारा, अकरा, दहा. नवव्या नंबरावर एक निळी मियाटा होती. डिकीवर गणपती. तिला ओलांडताना मी आत बघितलंसुद्धा नाही, इतका मोठा माणूस झालो होतो. मनात बाथर्स्ट १९९२ सुरू झालं. तिथे मुसळधार पावसात जिम रिचर्ड्सची स्कायलाइन आपटून पार मोडली, शर्यत थांबवली, आधीच्या फेरीचा निकाल धरला आणि ती मोडलेली गाडीच जिंकली. म्हणजे या जातीच्या गाडीला मोडूनही पहिलं येता येतं!

शेवटच्या तीन फेऱ्यांत ऊन पडलं. रस्त्यावर कोरडी पट्टी उमटली, आणि आरशात गणपती नसलेली, म्हणजे पुढची बाजू, निळी मियाटा दिसायला लागली. मी वाट बघत होतो, खरंच बघत होतो. पण आरशात आपलीच जुनी गाडी मोठी मोठी होत असताना उजव्या पायाला समजावणार कोण? तोंड वळायच्या आधी दाबला. टायर हंबरले. मियाटा आतल्या बाजूनं, उंदरासारखी, माझ्या दारालगत निघून गेली आणि डिकीवरचा गणपती मी वळणभर बघत राहिलो, कारण माझी गाडी तिकडे जातच नव्हती. डांबराच्या कडेवरून उतरताना डाव्या पुढच्या टायरची बाजू चिरली.

रात्री अण्णांचा फोन. नंबर विचारला नाही, थेट खर्च विचारला.

“एक टायर गेला.”

“एकच ना? एक घे.”

“चार चाकांची गाडी आहे अण्णा. चारही टायर सारखे झिजलेले लागतात. एक नवा बसवला तर त्याचा घेर मोठा पडतो, पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या मधल्या डिफरन्शियलवर ताण येतो.”

“म्हणजे चार घेणार?”

“नाही नाही. एक नवा घ्यायचा आणि मशीनवर तासून घ्यायचा. बाकीच्यांइतका जुना करून देतात.”

“नवा घेऊन जुना करायचा.”

“हो. त्याचे वेगळे पैसे पडतात.”

बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं नेटवर्क गेलं.

“तासलेलं रबर,” अण्णा शेवटी म्हणाले, “परत देतात का?”