आधी पट्टी, मग कोयता

काल आमच्या जुन्या चाळीच्या ग्रुपवर कुणीतरी अफूच्या शेतावर ट्रॅक्टर फिरवतानाचा व्हिडिओ टाकला. खाली टाळ्यांचा पाऊस, "असंच पाहिजे!" मला टाळी वाजवता आली नाही.

अफूपासून बनणाऱ्या गर्दचा राग मला कुणापेक्षा कमी नाही. १९८२च्या संपानंतर लालबाग-परळच्या गल्ल्यांत गर्द शिरलं, ते मी शाळकरी वयात पाहिलंय. मला सायकल शिकवणारा शेजारचा दादा एक दिवस घरातली पितळेची भांडी विकून आला आणि दोन वर्षांत गेलाच. त्याची आई नंतर कितीतरी संध्याकाळी नुसती जिन्यात बसून असायची. हे विष पिकूच नये असं मलाही वाटतं. पण ते पिकायचं थांबतं कशानं? वाशीच्या मार्केटात गाळ्यावर २५ वर्षं पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्याच्या विकलेल्या मालाचे हिशेब, लिहिल्यात, म्हणून थोडं बोलतो.

शेतकरी टोमॅटो पाठवतो. भाडं, हमाली, तोलाई कापून उरेल ते त्याचं. २०२३च्या फेब्रुवारीत सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याला ५१२ किलो कांद्याचे खर्च वजा जाता २ रुपये मिळाले, ते सगळ्यांनी वाचलंय. तसल्या पट्ट्या मी या हातानं लिहिल्यात, आणि लिहिताना समोरच्याकडे बघवत नाही.

आता अफूचा चीक बघा. वाळवला की वर्षानुवर्षं टिकतो. गावाला रस्ता नसला तरी खांद्यावरच्या पिशवीत मावतो. व्यापारी दारात येतो. अफगाणिस्तानात तर पीक हाती येण्याआधीच उचल देतो, तिला तिकडे 'सलाम' म्हणतात. हिवाळ्यात घरात पीठ नसताना त्या माणसाला दुसरं कोण पैसे देणार? तिथं अफू हीच पत, आणि गाठीला बांधलेलं सोनंही तेच. अशा शेतावर ट्रॅक्टर फिरवला की माणूस कर्जासकट उघडा पडतो.

थायलंडनं हे ओळखलं. १९६९ मध्ये राजा भूमिबोल यांनी उत्तरेच्या डोंगरांत शाही प्रकल्प सुरू केला. डोंगरातल्या लोकांना गावठी पीच विकून अफूइतकाच पैसा मिळतो, हे त्यांच्या कानावर आलं होतं. मग चांगल्या जातीची कलमं आली, भाज्या आल्या, फुलं, कॉफी. अमेरिकेनं संशोधनाला पैसा दिला, तैवाननं फळझाडांतले जाणकार पाठवले, संयुक्त राष्ट्रांनी हातभार लावला. आणि माझ्यासारख्या बाजारातल्या माणसाला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की माल गोळा करायची केंद्रं उभी राहिली, रस्ते झाले, आणि विकायला 'डोई खाम' हे स्वतःचं नाव तयार झालं. अफू तोडायला सरकारनं हात घातला तो १९८४च्या सुमारास. जवळपास १५ वर्षं थांबून!

याच्या उलट एप्रिल २०२२ मध्ये तालिबाननं बंदी घातली. अफूखालची जमीन एका वर्षात २,३३,००० हेक्टरवरून १०,८०० हेक्टरवर आली. पण शेतकऱ्यांचं अफूचं उत्पन्नही १३६ कोटी डॉलरवरून ११ कोटींवर आलं. बदल्यात काय, तर गहू, ज्याचा पैसा अफूच्या पासंगालाही पुरत नाही. २०२४ मध्ये लागवड पुन्हा १९ टक्क्यांनी वाढली. आणि त्याआधीच, २०२३ मध्ये, म्यानमार अफू पिकवण्यात जगात पहिला झाला होता.

२०१३ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं पर्यायी विकासाची, म्हणजे नशेच्या पिकाऐवजी पोटापाण्याची दुसरी सोय करून देण्याची, मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली. कामांचा क्रम नीट लावा, असं त्यात लिहिलंय. त्याच वर्षी जगातल्या एकूण विकास मदतीत श्रीमंत देशांनी या कामाला दिलेला वाटा होता ०.१ टक्का. नशा त्यांच्याही शहरांत विकली जाते, मग त्या डोंगरातली कॉफी रास्त भावानं विकत घेणं हे त्यांचं देणं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

देणं आपल्या मुंबईवरही आहे. माळव्याची अफू याच बंदरातून चीनला गेली. माझा जन्म ज्या जे.जे.त झाला, ते ज्यांच्या देणगीतून उभं राहिलं त्या सर जमशेटजी जीजीभॉय यांची दौलत कापसाबरोबर अफूच्या व्यापारातूनही आली होती.

आणि लांब कशाला जायचं? शिरपूरकडे, सातपुड्याच्या पायथ्याला, पोलीस गांजाची झाडं उपटून जाळतात आणि काही दिवसांनी पुन्हा तीच बातमी येते. आंध्रच्या अरकू भागात डोंगरउतारावर आदिवासी शेतकरी सावलीत कॉफी आणि मिरी घेतात, त्या कॉफीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. गांजासाठी बदनाम झालेल्या डोंगरांच्या शेजारी हे होतंय. आपल्याकडे का नाही?

मी आमच्या शेठना विचारलंय: तिकडच्या पाड्यांवरचा माल गोळा करून आठवड्याला एक गाडी वाशीला आणली आणि पट्टीचे पैसे त्याच दिवशी खात्यात टाकले, तर चालेल का? ते म्हणाले, आधी माल काय येईल ते सांग. शिरपूर, चोपडा भागातलं कुणी वाचत असेल तर एवढंच कळवा: कोणता माल, साधारण किती, आणि गाडी कुठपर्यंत येऊ शकते.