जळाली? आम्ही आहोत ना!

माझा धंदा पाण्याच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचा, म्हणजे आतली जळकी तार काढून नवी गुंडाळायचा. शहराला पाणी येतं जायकवाडीच्या नाथसागरातून. धरण काठोकाठ भरलेलं असो की तळाला गेलेलं, आमच्या गल्लीत नळ यायचा तो आठवड्यानं, आणि तोही रात्री दोनच्या सुमाराला. मग पन्नास घरांतल्या पन्नास मोटारी एकदमच सुरू होतात. लाइनीत पाणी कमी, हवाच जास्त. मालकाला बटण दाबून डुलकी लागते, मोटार कोरडी फिरत राहते, आणि पहाटे वार्निश जळाल्याच्या वासानं घर जागं होतं. सकाळी नऊला शटर वर करावं तर पायरीवर दोन-तीन मोटारी आधीच बसलेल्या असतात. अशा धंद्याला जाहिरात कशाला लागते, हे मला आजवर कळलेलं नाही.

माझ्या भाच्याला, म्हणजे बायकोच्या भावाच्या मुलाला, मात्र कळतं. त्यानं पुण्यात एमबीए केलंय.

तसा नावाचा घोळ भाच्याच्या आधीपासूनचा आहे. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना आला, त्याच वर्षी वडिलांनी दुकान टाकलं. शहर आता मोठं होणार, मग आपण मागं कशाला, म्हणून दुकानाला त्यांनी शहराचंच, औरंगाबादचं, नाव दिलं. सदतीस वर्षं ते नाव चाललं. २०२२ च्या जूनअखेर मंत्रिमंडळानं शहराचं नाव संभाजीनगर केलं. मी उत्साही माणूस. दुसऱ्याच दिवशी पेंटर चाचांना बोलावून बोर्ड बदलून घेतला. रंग वाळतो न वाळतो तोच सरकार बदललं, आणि जुलैच्या मध्यात नव्या मंत्रिमंडळानं 'छत्रपती संभाजीनगर' असा ठराव केला. नावावरून कोण काय बोललं त्यात मला पडायचं नाही, मला शिडी धरायची होती. चाचा वर चढले, वीत लावून जागा मोजली आणि खाली बघून म्हणाले, "भय्या, छत्रपती को बिठाऊं कां? जगा तो छोडी नई तुमने."

डाव्या कडेला वडिलांच्या हौसेची, लाल रंगाची मोटार काढलेली होती. तिचा अर्धा भाग पुसून तिथं 'छ.' बसवला. राहिलेल्या अर्ध्या मोटारीला लोक आता तांब्या समजतात. लग्नसराईत दोघं जण भांड्यांचा भाव विचारून गेले. केंद्राची मंजुरी आली ती फेब्रुवारी २०२३ मध्ये. तोवर मी शहाणा झालो होतो. जुनं बिलबुक शेवटच्या पानापर्यंत वापरलं आणि मगच नवं छापलं.

हा तांब्या बघून भाचा कळवळला. "मामा, तुमच्याकडं दुकान आहे, ब्रँड नाही."

"गिऱ्हाईक आहे की."

"गिऱ्हाईक मोटार जळाल्यावर येतं. ब्रँड मोटार जळायच्या आधीच डोक्यात असतो."

बायकोला हे फार पटलं. तिच्या माहेरचं माणूस बोललं की तिला पटतंच. टाटांनी आयपीएलला नाव दिलंय, तर मामांनी निदान गल्लीच्या टीमला द्यावं, असं दोघांनी मिळून ठरवलं. टेनिस बॉलची स्पर्धा, आठ-आठ ओव्हरची मॅच, फ्लडलाइट. अकरा टी-शर्टांचे पैसे माझे. वर पाच हजार स्पर्धेला, आणि त्यात भाच्यानं घासाघीस करून एक जादा गोष्ट पदरात पाडून घेतली: "प्रत्येक विकेटला आपलं नाव पुकारणार, मामा! फुकट!" विकेट कोणाची, हे दोघांनीही विचारलं नाही. टी-शर्टच्या पाठीवर त्यानं स्वतः सुचवलेली ओळ छापली, 'जळाली? आम्ही आहोत ना!', आणि खाली माझा मोबाइल नंबर.

मैदानाच्या तोंडाशी फ्लेक्सही लागला. वर गॉगलवाले नेते, खाली शुभेच्छुकांच्या गर्दीत हात जोडलेला मी. फोटो आधार कार्डावरचा.

आमची बॅटिंग पहिली. पहिल्याच बॉलला दांडी उडाली. माइकवाला तयारच होता. "आणि ही विकेट आपल्यापर्यंत पोचवलीय..." म्हणत त्यानं माझ्या दुकानाचं नाव, पत्ता आणि नंबर दोनदा वाचला. भाच्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. दुसरी विकेट पडली, पुन्हा नाव, पत्ता, नंबर. तिसरा गडी मान खाली घालून परत निघाला तेव्हा त्याची पाठ प्रेक्षकांकडं होती. कुणीतरी ती वाचली आणि ओरडला, "जळाली?"

अख्खं मैदान म्हणालं, "आम्ही आहोत ना!"

त्यानंतर गडी बाद झाला की हेच. एकतीस धावांत सगळे बाद, म्हणजे आणखी सात वेळा. नवव्या विकेटला तर माइकवाल्यानं नाव घ्यायचीही तसदी घेतली नाही, नुसता माइक लोकांपुढं धरला. समोरच्या टीमनं तिसऱ्या ओव्हरला खेळ संपवला, आणि माझ्या नावाची एकही चांगली विकेट पडली नाही.

दुसऱ्या दिवशी टपरीवरचा चहावाला म्हणाला, "काका, शर्टावर नाव टाकायचंच नसतं. सहारा बघा, बायजूज बघा, भारतीय टीमच्या शर्टावर आले आणि पुढं अडचणीत आले. ड्रीम इलेव्हनचं काय झालं?" खरंच होतं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा आला आणि ड्रीम इलेव्हन भारतीय टीमच्या शर्टावरून उतरलं. आता तिथं अपोलो टायर्स आहे. टायरवाल्यांना माझी काळजी कळेल असं वाटतं. त्यांच्याकडंही शेवटी जळालेलंच येत असणार.

भाचा म्हणतो, "मामा, रिकॉल जबरदस्त आहे." म्हणजे लोकांना लक्षात राहिलंय. ते तर आहेच. परवा एक एचपीची मोटार भरत बसलो होतो. जळकी तार उपसून काढली, खाचा घासल्या, नवा कागद बसवला आणि तांब्याच्या तारेचे वेढे मोजायला घेतले. हे काम मनात आकडा धरून करायचं असतं. वेढे चुकले तर मोटार तापते आणि महिन्याभरात पुन्हा पायरीवर येऊन बसते. बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट... फोन वाजला. नंबर अनोळखी. गिऱ्हाईक असणार म्हणून उचलला.

पलीकडून बारक्या पोराचा आवाज आला, "जळाली?"

आणि माझ्या तोंडून गेलंच, "आम्ही आहोत ना."

पलीकडं चार-पाच पोरं खिदळली. फोन ठेवला, हातातल्या तारेकडं पाहिलं. चौसष्ट होते की चौऱ्याहत्तर, काही केल्या आठवेना. सगळी तार सोडली आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली.