‘पहिला लेबनीज’ या बिरुदामागचा टेनिसपटू

१२ जानेवारी २०२५ रोजी, ऑस्ट्रेलियन ओपनच्या पहिल्याच दिवशी, हादी हबीबने चीनच्या बू युनचाओकेटेला ७-६, ६-४, ७-६ असे सरळ सेटमध्ये हरवले आणि खुल्या युगात, म्हणजे १९६८ नंतर, ग्रँड स्लॅमच्या एकेरीत सामना जिंकणारा तो पहिला लेबनीज टेनिसपटू ठरला. जागतिक क्रमवारीत दोनशेच्याही पलीकडे असलेला हा खेळाडू पात्रता फेरीचे तीन सामने जिंकून मुख्य फेरीत आला होता. मेलबर्नमध्ये लेबनीज वंशाच्या लोकांची वस्ती मोठी असल्यामुळे प्रेक्षकांत देवदाराचे झाड मिरवणारे झेंडे होते आणि घोषणाही होत्या. त्याच आठवड्यात, ९ जानेवारीला, लेबनॉनच्या संसदेने जोसेफ औन यांची राष्ट्राध्यक्षपदी निवड केली होती. ते पद दोन वर्षांहून अधिक काळ रिकामे होते. युद्ध, दिवाळखोरी आणि राजकीय पोकळी यांनी गांजलेल्या देशाला तीन दिवसांच्या अंतराने दोन चांगल्या बातम्या मिळाल्या, त्यामुळे हबीबच्या विजयाचा जगभर गाजावाजा झाला यात नवल नाही.

या गाजावाजाबद्दल मला थोडी तक्रार आहे. जवळपास प्रत्येक वृत्तांत ‘पहिला लेबनीज’ या दोन शब्दांपाशी सुरू झाला आणि तिथेच संपला. हा पहिला मान मिळायला २०२५ साल का उजाडावे लागले आणि जो मिळवून गेला त्याची कारकीर्द नेमकी कुठे व कशी घडली, हे सांगण्याच्या फंदात फारसे कोणी पडले नाही. मला तेच या कथेतले सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण लेबनीज टेनिसपटूची कारकीर्द लेबनॉनमध्ये घडूच शकत नाही, आणि ही गोष्ट अभिमानाच्या गदारोळात सोयीस्करपणे झाकली जाते.

हबीबचा जन्म १९९८ साली अमेरिकेतील ह्यूस्टन शहरात झाला. वडील लेबनीज, आई अमेरिकन. बालपणाचा काही काळ लेबनॉनमध्ये गेला असला, तरी टेनिसपटू म्हणून त्याला घडवले ते अमेरिकेने, आणि विशेषतः टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या संघाने. अमेरिकन विद्यापीठीय टेनिस ही काय चीज आहे, हे आपल्याकडे अजून पुरेसे समजलेले नाही. तिथे अठराव्या वर्षी व्यावसायिक होण्याचा जुगार न खेळता खेळाडूला चार वर्षे उत्तम कोर्ट, प्रशिक्षक, फिजिओ, व्यायामशाळा आणि दर आठवड्याला चुरशीचे सामने मिळतात, आणि वर पदवीही. हबीब तिथे असताना पुरुषांच्या एका संघासाठी मिळून जेमतेम साडेचार शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती आणि ती रक्कम खेळाडूंमध्ये वाटली जाई, तरीही जगभरातून मुले तिकडे धाव घेत, कारण दुसरीकडे एवढ्या सोयी फुकट किंवा अर्ध्या खर्चात मिळत नाहीत. आपल्या पुण्याचा अर्जुन कढे याच वाटेने ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठात गेला होता. ज्या देशांच्या टेनिस संघटनांकडे पैसा नाही, त्यांच्या खेळाडूंचा प्रशिक्षणाचा खर्च एका अर्थाने अमेरिकन विद्यापीठेच उचलत आली आहेत.

लेबनॉनचा दुसरा मोठा खेळाडू बेंजामिन हसन. तो १९९५ साली जर्मनीत जन्मला आणि तिथेच वाढला. कुटुंब मूळचे लेबनॉनचे. जर्मनीतील क्लबांच्या लीग सामन्यांवर तिथले दुय्यम फळीतले कितीतरी खेळाडू आपले पोट भरतात, त्या व्यवस्थेतून तो पुढे आला आणि डेव्हिस करंडकात, म्हणजे देशादेशांच्या सांघिक स्पर्धेत, लेबनॉनकडून खेळू लागला. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याने अमेरिकेच्या ख्रिस्तोफर यूबँक्सला ६-४, ६-२ असे हरवले. हा यूबँक्स म्हणजे आदल्या वर्षी विम्बल्डनच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचलेला खेळाडू. ऑलिंपिकच्या टेनिसमध्ये लेबनॉनचे खेळाडू मुळात उतरलेच होते पहिल्यांदा, आणि पहिल्याच खेपेला हा विजय. हबीबच्या वाट्याला मात्र पहिल्याच फेरीत कार्लोस अल्काराझ आला, जो त्याच उन्हाळ्यात फ्रेंच ओपन आणि विम्बल्डन दोन्ही जिंकून बसला होता आणि ज्याला त्याच रात्री नदालबरोबर दुहेरीचा सामनाही खेळायचा होता. निकाल ६-३, ६-१. त्या सामन्याबद्दल याहून अधिक लिहिण्यासारखे काही नाही. क्रमवारीत पावणेतीनशेच्या आसपास असलेल्या खेळाडूने अल्काराझकडून चार गेम घेतले, हे वाईट मुळीच नाही.

आता लोक विचारतात की हे दोघे खरे लेबनीज आहेत का. एक ह्यूस्टनचा, एक जर्मनीचा. मग यात लेबनॉनचे काय? हा प्रश्न विचारणाऱ्यांना लेबनॉन हा देश कसा आहे याची कल्पना नसावी. १९७५ ते १९९० या काळातल्या गृहयुद्धाने आणि त्याच्या आधी-नंतरच्या स्थलांतरांनी हा देश जगभर विखुरलेला आहे. ब्राझील, अर्जेंटिना, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, पश्चिम आफ्रिका, आखाती देश असे कुठेही पाहा. अनेक अंदाजांनुसार लेबनीज वंशाचे लोक देशात कमी आणि देशाबाहेर जास्त आहेत. देशातली घरे चालतात तीही बरीचशी बाहेरून येणाऱ्या पैशांवर. अशा देशाचा टेनिसपटू ह्यूस्टनमध्ये किंवा जर्मनीत जन्मलेला असणे हे अगदी स्वाभाविक आहे.

खरा प्रश्न वेगळा आहे आणि तो अधिक बोचरा आहे. बैरुतमध्ये जन्मलेला, तिथेच राहणारा आणि फक्त लेबनीज पासपोर्ट असलेला एखादा तितकाच गुणी मुलगा असेल, तर त्याचे काय? माझे प्रामाणिक मत असे की त्याचे काहीही होणार नाही.

त्याची कारणे टेनिसच्या अर्थकारणात आहेत. व्यावसायिक टेनिसची सर्वांत खालची पायरी म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या १५ हजार डॉलर एकूण बक्षीस रकमेच्या स्पर्धा. तिथे एकेरीचे विजेतेपद मिळवले तरी हाती दोन हजार डॉलरच्या थोडे वर पडतात आणि पहिल्या फेरीत हरणाऱ्याला दीडशे डॉलरच्या आसपास, तेही कर कापण्याआधी. विमानाचे तिकीट, हॉटेल, रॅकेटच्या तारा, जेवण आणि जमल्यास प्रशिक्षक, हे सगळे खेळाडूने स्वतःच्या खिशातून करायचे असते. त्यामुळे पहिली चार-पाच वर्षे टेनिसपटूचा खरा प्रायोजक त्याचा बापच असतो. आता हा बाप बैरुतचा आहे असे समजा. १९९७ पासून लेबनीज पौंडाचा दर डॉलरला १,५०७.५ असा बांधलेला होता. २०१९ च्या शरद ऋतूत बँका कोलमडल्या, खातेदारांना आपल्याच ठेवी काढता येईनात, आणि पुढे दर घसरत घसरत ८९,५०० पर्यंत गेला. ज्याचा पगार १५ लाख पौंड, म्हणजे साधारण हजार डॉलर होता, त्याच पगाराची किंमत सतरा डॉलरही उरली नाही. त्यात ४ ऑगस्ट २०२० रोजी बैरुतच्या बंदरात स्फोट होऊन दोनशेहून अधिक माणसे मेली आणि शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. या परिस्थितीत कोणता मध्यमवर्गीय बाप मुलाला वर्षाला पंचवीस-तीस स्पर्धांसाठी देशोदेशी पाठवणार?

त्याशिवाय व्हिसाचा प्रश्न आहे, ज्याचा उल्लेख टेनिसच्या समालोचनात कधीही होत नाही. टेनिसपटूचे वेळापत्रक आठवड्या-आठवड्याने बदलते. एका स्पर्धेत लवकर हरलात तर दोन दिवसांत दुसऱ्या देशातील पात्रता फेरीसाठी हजर व्हावे लागते. अमेरिकन किंवा जर्मन पासपोर्ट असलेल्याला हे जमते. ज्याला जवळपास प्रत्येक देशाच्या वकिलातीत कागदपत्रे घेऊन रांग लावावी लागते, त्याला जमत नाही. भारतीय खेळाडू हे दुःख चांगलेच ओळखतात. लेबनॉनच्या पासपोर्टचे वजन आपल्याहून जास्त नाही.

देशात टेनिस नाही असे अजिबात नाही. बैरुतच्या उत्तरेला जुनिये येथे समुद्राकाठच्या क्लबात डेव्हिस करंडकाच्या लढती झाल्या आहेत. पण तो क्लबांचा आणि क्लबच्या सभासदांचा खेळ राहिला. गल्लीतल्या पोरांचा खेळ फुटबॉल, आणि देशाने ज्यात खरोखर जीव ओतला तो बास्केटबॉल. लेबनॉनचा बास्केटबॉल संघ २००६ च्या जागतिक स्पर्धेत फ्रान्सला हरवून गेला होता आणि २०२२ मध्ये आशिया चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचला होता. सांघिक खेळाला क्लब, प्रेक्षक आणि राजकीय पुढाऱ्यांचे पैसे मिळतात. टेनिसपटू एकटा असतो, आणि परदेशात हरत असताना त्याला घरी कोणी पाहत नसते.

म्हणूनच हबीबच्या कारकिर्दीतला निर्णायक विजय कोणता, असे मला विचाराल तर मी मेलबर्नचे नाव घेणार नाही. २०२४ च्या मोसमाच्या अगदी शेवटी दक्षिण चिलीतील तेमुको या शहरात त्याने चॅलेंजर, म्हणजे मुख्य एटीपी दौऱ्याच्या खालच्या पायरीवरची, स्पर्धा जिंकली. त्याआधीचे दोन महिने लेबनॉनवर इस्रायलचा बाँबवर्षाव चालू होता. सप्टेंबरात युद्ध भडकले होते आणि २७ नोव्हेंबरला युद्धविराम लागू झाला. मोसम संपत आलेला, बहुतेक नामांकित खेळाडू सुट्टीवर गेलेले, प्रेक्षक मोजके, आणि हा माणूस आपल्या देशापासून जितके दूर जाता येईल तितक्या दूर जाऊन खेळतोय. उन्हाळ्यात पावणेतीनशेच्या आसपास असलेला खेळाडू जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपनच्या पात्रता फेरीत दिसला तो माझ्या हिशेबाने तेमुकोत मिळालेल्या क्रमवारीच्या गुणांमुळे. त्या पात्रता फेरीतही १२८ जणांतून फक्त १६ जण मुख्य फेरीत जातात. तेमुको नसते तर मेलबर्न नसते. वर्तमानपत्रांना मात्र तेमुकोत रस नव्हता, कारण तिथे झेंडे घेऊन कोणी आले नव्हते.

मेलबर्नच्या त्या एका विजयाने त्याला दुसऱ्या फेरीची दोन लाख ऑस्ट्रेलियन डॉलरची रक्कम निश्चित करून दिली. पुढच्या सामन्यात फ्रान्सच्या उगो अंबेरने त्याला ६-३, ६-४, ६-४ असे हरवले, पण त्या पैशात एका खेळाडूचा प्रवास आणि प्रशिक्षकाचा पगार बराच काळ निघतो. आपल्या सुमित नागलने २०२३ मध्ये आपल्या बँक खात्यात फक्त ९०० युरो उरल्याचे सांगितले होते, आणि त्यानंतरच्याच जानेवारीत त्याने याच स्पर्धेत पात्रता फेरीतून येऊन कझाकस्तानच्या बुब्लिकला हरवले. त्यामुळे या रकमेचा अर्थ काय, हे भारतीय वाचकाला वेगळे सांगायला नको. ग्रँड स्लॅममध्ये पुरुष एकेरीची आठ वाइल्ड कार्डे, म्हणजे क्रमवारी किंवा पात्रता फेरीशिवाय थेट मिळणारे प्रवेश, असतात आणि ती बहुतांशी यजमान देशाच्या खेळाडूंना जातात. फ्रान्स, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया तर ती आपसांत अदलाबदलही करतात. लेबनॉनच्या पदरात त्यातले काही पडत नाही.

इथे दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी हबीब आणि हसन यांना उगाच हुतात्मे करतोय असे वाटेल. लेबनॉनकडून खेळणे हा त्यांच्यासाठी केवळ त्याग नव्हता. ऑलिंपिकच्या टेनिस एकेरीत एका देशाचे जास्तीत जास्त चार पुरुष खेळू शकतात. अमेरिकेत दीडशे-दोनशेव्या क्रमांकाच्या खेळाडूला राष्ट्रीय संघाच्या सराव शिबिरातही बोलावणे येत नाही. लेबनॉनच्या झेंड्याखाली त्यांना डेव्हिस करंडक मिळाला, ऑलिंपिक मिळाले आणि नावाआधी ‘पहिला’ हे विशेषण मिळाले. यात गैर काहीच नाही. देशाला खेळाडू मिळाले आणि खेळाडूंना व्यासपीठ. दोघांचाही फायदा झाला. लेबनॉनच्या सत्ताधाऱ्यांनी याचे श्रेय घेतले, तर ते मात्र मला खटकेल. ज्या व्यवस्थेने ठेवीदारांचे पैसे बुडवले, बंदरात स्फोटके वर्षानुवर्षे पडू दिली आणि दोन वर्षे राष्ट्राध्यक्ष निवडला नाही, तिचा या विजयात काडीचाही वाटा नाही.

ट्युनिशियाच्या ओन्स जाबेरशी हबीबची तुलना करण्याची घाईही काहीजण करतात. ती अन्यायकारक आहे. जाबेर दोनदा विम्बल्डनची आणि एकदा यूएस ओपनची अंतिम फेरी खेळली. ती जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक होती. हबीब हा चॅलेंजर पातळीवरचा चांगला, कष्टाळू खेळाडू आहे, आणि त्याला तेवढेच म्हणावे. त्या पातळीवर टिकून राहणे किती कठीण आहे, हे कळण्यासाठी क्रमवारीची रीत पाहावी. मेलबर्नमध्ये पात्रता फेरी पार केल्याचे ३० आणि दुसरी फेरी गाठल्याचे ५० असे ८० गुण त्याला मिळाले, पण कोणतेही गुण बावन्न आठवडेच खात्यात राहतात. तेमुकोच्या गुणांचेही तेच. म्हणजे वर्ष सरता सरता आधी तेमुकोचे आणि मग मेलबर्नचे गुण वजा होणार होते, आणि तोपर्यंत कुठल्यातरी लांबच्या गावातल्या चॅलेंजर स्पर्धेत, ज्या सामन्यांची बातमी बैरुतलाही पोहोचणार नाही, तितकेच गुण त्याला पुन्हा कमवावे लागणार होते.