सीरियावरचे निर्बंध : घाई झाली की उशीर? ठाण्याच्या वाचकांना उत्तर

नमस्कार सर,

सीरियावरचे आर्थिक निर्बंध उठल्याचं मी मागच्या लेखात स्वागत केलं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया कडक आहे, पण मुद्देसूद आहे, म्हणून सविस्तर लिहितोय. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचे आक्षेप आधी मांडतो. सीरियाचा हुकूमशहा बशर अल-असद याची राजवट 8 डिसेंबर 2024 ला कोसळली आणि सहा-सात महिन्यांत युरोप-अमेरिकेने निर्बंध गुंडाळले, ही घाई झाली. नवे सत्ताधारी कालपरवापर्यंत स्वतःच दहशतवाद्यांच्या यादीत होते, आणि मार्च 2025 मध्ये किनारपट्टीवर अलवी या अल्पसंख्याक पंथाच्या लोकांचं हत्याकांड झालं, तेव्हा निदान पाच वर्षं थांबायला हवं होतं. म्यानमारमध्ये 2016 साली हीच चूक झाली होती. आणि शेवटचा आक्षेप असा, की मी निर्यातीच्या धंद्यातला, म्हणून माझा कळवळा माणसांचा नसून मालाचा आहे.

शेवटचा आक्षेप लागला, म्हणून आधी तोच घेतो.

माझं पोट निर्यातीच्या कागदपत्रांवर चालतं, हे खरं. ऑफिस तुर्भ्याला, आणि निम्म्या पार्ट्या वाशीच्या मसाला मार्केटमधल्या. तिथल्या कुठल्याही जिऱ्याच्या व्यापाऱ्यापाशी सीरियाचा विषय काढून बघा. आपलं जिरं फेब्रुवारी-मार्चपासून उंझ्याच्या बाजारात येतं, सीरिया आणि तुर्कस्तानचं नवं पीक उन्हाळ्यात, जून-जुलैनंतर. सीरिया युद्धात होरपळला तेव्हा बाहेरचं गिऱ्हाईक आपल्याकडे वळलं. आजही तिकडचं पीक चांगलं आल्याची बातमी आली की इथला भाव नरमतो. म्हणजे मी मार्केटची वकिली करत असतो, तर निर्बंध राहू द्या असंच म्हटलं असतं.

मी उलट बोलतो, कारण निर्बंध नेमके कुणाला लागतात ते माझ्या टेबलावर दिसतं. रबाळ्याच्या एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीचा माल सीरियाच्या लताकिया बंदराला जायचा होता. साधी अँटिबायोटिक्स. औषधांवर बंदी नव्हती, ऑर्डर पक्की होती, खरेदीदाराने पैसे भरलेही होते. ते पैसे वाटेतल्या एका बँकेने धरून ठेवले. माल शेवटी कोण वापरणार, जहाज याआधी कुठल्या बंदरांत लागलं होतं, खरेदीदार कंपनीत कुणाकुणाची भागीदारी आहे, अशी प्रश्नावली आली. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंगचा मसुदा, तिकडच्या रुग्णालयाचं पत्र, सगळं पाठवलं. उत्तर दिलं की नवा प्रश्न यायचा. इकडे गोदामात कार्टनवर छापलेली एक्सपायरीची तारीख जवळ येत होती. शेवटी पैसे परत गेले. नियम मोडला म्हणून नाही, तर ‘आमच्या धोरणात बसत नाही’ म्हणून. निर्बंध उठल्यावर त्याच बँकेकडे पुन्हा विचारणा झाली, तेव्हाही धोरण तेच होतं.

म्हणून ‘घाई’ हा शब्द मला पटत नाही. निर्बंध लादले जातात एका रात्रीत, उठताना मात्र आधी कागदावर उठतात आणि बँकेच्या खिडकीपर्यंत पोचायला त्यांना वर्षं लागतात. सीरियाचंच बघा. ट्रम्प यांनी घोषणा केली 13 मे 2025 ला रियाधमध्ये, अमेरिकेचा आदेश निघाला 30 जूनला. पण सगळ्यात कडक निर्बंध होते सीझर कायद्याचे. असदच्या तुरुंगांतल्या मृतदेहांचे हजारो फोटो ज्या छायाचित्रकाराने बाहेर आणले, त्याच्या टोपणनावावरून 2019 साली झालेला हा कायदा. तो लगेच रद्द झाला नाही, त्याला 180 दिवसांची सवलत मिळाली, आणि संपत आली तेव्हा पुन्हा 180 दिवसांची. अर्ध्या वर्षाच्या सवलतीवर वीज प्रकल्पाला कर्ज कोण देणार? कायदा रद्द झाला डिसेंबर 2025 मध्ये. म्हणजे राजवट पडल्यावर वर्ष गेलं. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार तिथल्या पुनर्उभारणीचा खर्च 216 अब्ज डॉलर आहे. तुम्ही म्हणता तशी पाच वर्षं थांबलो, तर या कामाचा पहिला दगडच पाच वर्षांनी बसेल.

उशिराची किंमत काय असते, ते सुदानने भोगलंय, आणि त्याची चर्चा आपल्याकडे जवळजवळ झालीच नाही. अमेरिकेने सुदानवरची व्यापारबंदी ऑक्टोबर 2017 मध्ये उठवली, पण दहशतवादाला आश्रय देणाऱ्या देशांच्या यादीत 1993 पासून असलेलं नाव तसंच ठेवलं. डिसेंबर 2018 पासून लोक रस्त्यावर उतरले, एप्रिल 2019 मध्ये हुकूमशहा ओमर अल-बशीर गेला, आणि ऑगस्टमध्ये अब्दल्ला हमदोक हे अर्थतज्ज्ञ पंतप्रधान झाले. जे सरकार टिकावं असं जगाला वाटत होतं, ते हेच. पण यादीत नाव असल्यामुळे जुन्या कर्जातून सुटका नाही, नवं कर्ज नाही, परदेशी बँका दारात उभं करत नाहीत. पावासाठी रांगा, पेट्रोलसाठी रांगा, आणि 2021 पर्यंत महागाई 300 टक्क्यांच्या वर. यादीतून नाव काढायला त्या सरकारकडून 33.5 कोटी डॉलर भरून घेतले गेले. कशाबद्दल? 1998 साली केनिया-टांझानियातल्या अमेरिकी वकिलातींवर झालेले बॉम्बहल्ले आणि 2000 सालचा युद्धनौकेवरचा हल्ला, याबद्दल. बळी पडलेल्यांना भरपाई मिळायलाच हवी होती, त्यात वाद नाही. पण ती बशीरच्या काळातल्या पापाची, आणि वसूल झाली बशीरला हटवणाऱ्यांकडून. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. नाव निघालं डिसेंबर 2020 मध्ये, ऑक्टोबर 2021 मध्ये लष्कराने सरकार उलथवलं, आणि एप्रिल 2023 पासून तो देश युद्धात जळतोय. निर्बंध वेळेवर उठले असते तर हे टळलंच असतं, असा दावा मी करणार नाही. सेनापतींची आपापसातली लढाई वेगळी होती. पण लोकांना बदलाची चव लागण्याआधीच ते सरकार थकून गेलं होतं, हे नाकारता येत नाही.

आता म्यानमार. तुमचा सगळ्यात वजनदार मुद्दा हाच आहे. 2016 साली ओबामांनी निर्बंध उठवले, 2017 मध्ये रोहिंग्यांवर अत्याचार झाले, 1 फेब्रुवारी 2021 ला लष्कराने सत्ताच घेतली. पण तेव्हा काय काय उठवलं गेलं ते पाहा. सामान्य व्यापारासोबत लष्कराच्या मालकीच्या दोन बड्या कंपनी-समूहांवरची बंदीही काढली गेली. बंडानंतर, मार्च 2021 मध्ये, त्याच दोन समूहांवर ती पुन्हा घालावी लागली. शेतकऱ्याला, कापड गिरणीला मोकळं करणं ही चूक नव्हती. बंदुकवाल्यांचा गल्लाही मोकळा केला, ती चूक होती.

या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात. मंडेला यांनी 24 सप्टेंबर 1993 ला संयुक्त राष्ट्रांत दक्षिण आफ्रिकेवरचे आर्थिक निर्बंध उठवा म्हणून सांगितलं, तेव्हा सर्व वंशांच्या लोकांना मत देता येणारी पहिली निवडणूक व्हायची होती. शस्त्रबंदी मात्र मे 1994 पर्यंत राहिली. लायबेरियाच्या लाकडावर बंदी होती, कारण तिथला राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलर याचं युद्ध जंगलतोडीच्या पैशावर चालायचं. एलेन जॉन्सन सरलीफ यांनी 2006 मध्ये राष्ट्राध्यक्षपदी येताच जुने सगळे जंगलठेके रद्द केले, त्याच जूनमध्ये सुरक्षा परिषदेने बंदी पुढे वाढवली नाही, आणि सोबत एकच अट घातली : वनकायदा करा. कायदा झाला. हिऱ्यांवरची बंदी एप्रिल 2007 मध्ये गेली. अट स्पष्ट होती, पुरी करता येण्याजोगी होती, आणि पुरी झाल्यावर दिलेला शब्द पाळला गेला.

राहिलं किनारपट्टीवरचं हत्याकांड. हजाराहून अधिक माणसं मारली गेली, आणि जुलैमध्ये दक्षिणेतल्या स्वेइदा प्रांतात पुन्हा रक्त सांडलं. याबाबतीत तुमचा संताप तोच माझा. मात्र युरोपीय संघाने 28 मे 2025 ला, ज्या दिवशी आर्थिक निर्बंध उठवण्याचे कायदेशीर आदेश काढले, त्याच दिवशी मार्चच्या हिंसेतल्या दोन व्यक्ती आणि तीन सशस्त्र गटांची नावं यादीत घातली. असद आणि त्याच्या गोतावळ्यावरचे निर्बंधही कायम ठेवले. हे आणखी व्हायला हवं, सरकारी गणवेशातल्यांवरही व्हायला हवं. पण त्यासाठी अलेप्पोतल्या रुग्णालयाची औषधं अडवण्याची गरज नाही.

तुम्ही पाच वर्षं म्हणालात, अट मात्र कुठलीच सांगितली नाहीत. पाच वर्षांत नेमकं काय घडलं म्हणजे निर्बंध उठावेत : निवडणूक, खटले, अल्पसंख्याकांना संरक्षण, की आणखी काही? ते लिहा. त्यावर पुढे बोलू.