घोड्यामागचे मूळपुरुष

काल पानिपतावर बोलून आलो. तालुक्याचं गाव, व्याख्यानमालेचं दुसरं पुष्प. प्रास्ताविकानं पाऊण तास खाल्ला आणि विश्वासराव पडायच्या आतच माझ्यापुढे 'आटोपतं घ्या'ची चिठ्ठी आली, ते जाऊ दे. खरी लढाई नंतर झाली, सभागृहाबाहेर, पुस्तकांच्या टेबलापाशी.

अंगावर शाल, मांडीवर नारळ आणि पुढ्यात 'वीस टक्के सवलत'ची पाटी असा मी बसलो होतो. एक काका आले. सफारी, खिशाला दोन पेनं. पुस्तक उचललं आणि थेट मागून उघडलं. मला गहिवरून आलं. सूची बघणारा वाचक! काकांचं बोट अक्षरांवरून खाली गेलं, पुन्हा वर आलं.

"आमचं आडनाव नाही यात."

"काका, पानिपतावर लाखभर माणूस होता. सगळ्यांची नावं कुठून आणणार?"

"सगळ्यांची कोण मागतंय? आमचं म्हणतोय मी. आमचे मूळपुरुष भाऊसाहेबांच्या हत्तीच्या मागेच होते."

"विश्वासराव पडल्यावर भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले, असं बखर सांगते."

"मग घोड्याच्या मागे."

"कागद आहे का काही? सनद, एखादं पत्र?"

"आत्याकडे होतं. वाळवी लागली."

निम्म्या महाराष्ट्राचा इतिहास कुणाच्या ना कुणाच्या आत्याकडे होता आणि तो वाळवीनं खाल्ला. राजवाडे बिचारे गावोगाव दप्तरं धुंडाळत फिरले. त्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला तोच पानिपतापर्यंतच्या पत्रांचा, आणि पुढे एकूण २२ खंड झाले. एकाही खंडात ही आत्या नाही.

"पण ते परत आले कसे?" मी विचारलं.

"आले म्हणून तर मी इथं उभा आहे!"

"नाना फडणीसही वाचून आले. त्यांनी आत्मचरित्रात ते लिहून तरी ठेवलं."

"त्यांना वेळ होता."

यावर काय बोलणार? मोडीचा एक चिटोरा लागायला अख्खी दुपार जाते. हात न उचलता लिहिलेल्या ओळी, शब्द कुठे तुटतो ते कळत नाही. तारखेच्या जागी 'इहिदे सितैन मया व अलफ'. ते अरबी आकडे सोडवायचे, म्हणजे सुहूर सन ११६१, म्हणजे इंग्रजी १७६०-६१. कागद बांधलेल्या रुमालाची धूळ नाकात. एवढं करून पुस्तकात अर्धी ओळ आणि खाली एक तळटीप. काकांचं काम मात्र घोड्याच्या मागे उभं राहून भागतं.

मग त्यांनी किंमत पाहिली. "साडेचारशे? इतिहासाचे पैसे घेता? मोबाइलवर सगळं फुकट येतं की." असं म्हणून त्यांनी नकाशाचं पान उघडलं, फोटो काढला आणि पुस्तक जागेवर ठेवलं. "ग्रुपवर टाकतो. तुमचीच जाहिरात." तो नकाशा मी पदरचे पैसे घालून काढून घेतलाय.

मंडपवाल्याला उचल देतात, माइकवाल्याचा दर आधी ठरतो. मला मात्र "मानधनाचं तुम्हाला काय सांगायचं, सर" म्हणतात आणि खरंच काही सांगत नाहीत. पाकिटातून जे निघालं त्यात टॅक्सीचं जाणं बसलं. येणं माझं मी बघितलं. शाली इतक्या साठल्यात की बायकोनं 'आता एखादा ऐतिहासिक चादरीवाला गाठा' असं सुनावलंय.

आज सकाळी काकांचा मेसेज. सोबत वंशावळीची पीडीएफ, मूळपुरुषांच्या नावाला लाल चौकट. 'दुसऱ्या आवृत्तीत योग्य जागी घ्यावे. भाऊबंदांसाठी पंचवीस प्रती घेईन.'

पंचवीस! एका व्याख्यानात इतक्या प्रती कधी खपल्या नाहीत. पण पहिली आवृत्तीच हजाराची होती आणि तिचे गठ्ठे अजून प्रकाशकाच्या माळ्यावर आहेत. दुसरी काढायची तर आधी ते संपायला हवेत. तसं काकांना कळवलं, तर लगेच उत्तर आलं, "मग उरलेल्या प्रतींत एक चिठ्ठी चिकटवा ना, सर."